मोरीतला लाल

चित्र आलं ते मोबाइलवर.
इराबत्ती मालक म्हणाले, हॉटेलच्या लॉबीत लावायचंय,
सहा बाय चार, जेकार्डवर, पाच रंगांत बसव.
खाली कुण्या गोऱ्याचं तिरकं अक्षर:
शोलापूर, १८७१. बाजाराचा रस्ता, संध्याकाळ.

संध्याकाळ नाही ती.
चौतीस वर्षं ग्राफच्या चौकटी भरतोय मी,
सावली कुठं पडते एवढं कळतं.
सगळ्यांच्या सावल्या पायातच गोळा झाल्यात,
बैलाची बैलाखाली, छत्रीची छत्रीखाली.
बाराचं ऊन आहे, तेही चैत्रातलं,
आणि दगडी मोरीतून जे तांबडं वाहतंय
ते मावळतीचं नव्हे, साहेब,
ते रंगाऱ्याच्या हौदातून सुटलेलं आलाचं पाणी.
आमच्या पणज्याचे हात कोपरापर्यंत त्याच रंगाचे होते.
सरणावर घातला तेव्हाही
हात तेवढे कामावरून आत्ताच आल्यासारखे.

मग एकेकाला मोजायला घेतलं.
शाळूचा ढीग, त्यामागं माप उपडं धरून बसलेला कोमटी,
कडब्याची गाडी, गाडीखाली कुत्रं,
कान कोरून घेताना तोंड वाकडं झालेला शिपाई,
एक कानडी बाई, मिरच्यांपाशी,
भाव ऐकून उठलेली, पण गेलेली नाही.
चेहऱ्याला नऊ चौकटी येतात.
नऊ चौकटींत डोळे ठेवले तर नाक राहत नाही.
शिपायाचं वाकडं तोंड तीनदा उतरवलं,
तिन्ही वेळा तो कोमटीसारखाच दिसला.

रस्त्याच्या दोन्ही अंगाला दारं, सगळी सताड.
आमच्या घरी तेलुगूत दारं म्हणजे सूत,
लहानपणी आई म्हणायची, दारं तुटलं,
आणि मी बाहेर जाऊन कडी-कोयंडा बघून यायचो.
चित्रात मात्र दोन्ही आहेत:
तिसऱ्या दाराच्या आत, नीट बघितलं तर,
ताण्याच्या सात रेघा.
माग दिसत नाही, विणणारा दिसत नाही,
सात रेघा दिसतात.
साहेबाला त्या पावसाच्या वाटल्या असतील.

आणि अगदी डाव्या कडेला ती.
डोक्यावर सुताचं गाठोडं, पाठ आपल्याकडं,
मोरी ओलांडताना मागचा पाय उचललेला.
तळवा लाल.
ब्रशाचा एकच ठिपका असेल, पण मुद्दाम दिलेला,
म्हणजे त्यानं बघितलं होतं.
नाव संध्याकाळचं टाकलं असेल दुसऱ्याच कुणीतरी,
नंतर, थंड गावात बसून.

मालक म्हणाले, डावी कड काप, मापात येत नाही.
आणि लाल सहावा रंग होतोय, तोही काढ.
मोरी तपकिरी कर. मोरी कोण बघतंय?
मी हो म्हणलं.
या धंद्यात आधी हो म्हणायचं असतं.

रात्री पंख्याखाली कागद दाबून बसलो.
मिरचीवालीचा लाल काढला, मिरच्या पिवळ्या केल्या,
उरलेला लाल बॉर्डरला नेला.
तिचा तळवा, टाच खाली, बोटं किंचित वळलेली,
बारा बाय सात चौकटी,
एकापुढं एक, एकापुढं एक,
चारी बाजूंनी.
गाठोडं नाही बसलं. पाठही नाही.
पुठ्ठे पाडताना यल्लप्पानं विचारलं नाही,
फक्त एक पुठ्ठा उजेडात धरून
भोकांतून माझ्याकडं बघितलं.

पहिला नग उतरला तेव्हा मालक खूश.
म्हणाले, कोयरी झकास घेतलीस की रे नागनाथ,
जुन्या पद्धतीची.
म्हणलं, हो, जुनीच आहे.

आता ती तिकडं लटकते, एसीच्या गारव्यात.
लग्नाची पाहुणेमंडळी तिच्यापुढं उभी राहून फोटो काढतात,
कुणी म्हणतं, काय सुंदर संध्याकाळ.
परवा बिल न्यायला गेलो तर
झाडणारी पोरगी फडकं घेऊन बॉर्डरपाशी थांबली होती.
तिनं काय बघितलं, विचारलं नाही.

कुत्रं तेवढं होतं तसं आलं.
झोपलेल्याला चौकटी कमी लागतात.